खमकीला जपानीत काय म्हणतात

माझ्या बहिणीची मुलगी भांडायला लागली की इस्लापूरच्या आठवडी बाजारात लोक वांगी निवडायची सोडून बघत उभे राहायचे. हे मी कौतुकानं सांगतेय की गाऱ्हाणं म्हणून, ते आजही माझं मला ठरवता येत नाही. एकदा तर म्हणे तिनं हदगावच्या स्टँडवर एका कंडक्टरला बसमधून खाली उतरवून एका म्हाताऱ्याची माफी मागायला लावली. बहीण फोनवर हे सांगताना रडत होती आणि मी इकडे पोट धरून हसत होते.

ही पोरगी लातूरच्या दुष्काळात माझ्याकडे राहायला आली. नर्सिंगचा कोर्स झालेला, नोकरी नाही. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली लागतात, हे कुठूनसं तिच्या डोक्यात बसलं होतं. आणि मावशी तर जपानी शिकवते, मग अडवतंय कोण! मी पुण्यात एका कंपनीत जपानी साहेबांची दुभाषी म्हणून उभी हयात काढली आणि नोकरी संपल्यावर लातूरला येऊन पहिल्या मजल्यावरच्या माझ्या बैठकीत क्लास काढला. लातुरात क्लास काढायला कारण लागत नाही. इथं टपरीवरचा चहा खपला नाही तरी माणूस क्लास काढतो.

तिच्या वडिलांनी तिला पुण्याला पाठवायला साफ नकार दिला होता, पोरगी दूर जाते म्हणून. जपानला मात्र लगेच हो म्हणाले. "बुद्धाला मानणारा देश हाय, ताई. तिकडं समदे आपलेच लोक." त्या आपल्याच लोकांच्या मीटिंगांत मी अर्धं आयुष्य बसले होते.

वर्षभर शिकून दिलेल्या एका ऑनलाइन मुलाखतीत ती आधीच नापास झाली होती. तिकडचे लोक हमखास विचारतात, तुमचा स्वभाव कसा आहे? माझ्या क्लासातली झाडून सगळी मुलं एकच उत्तर घोकतात, 'यासाशी', म्हणजे मायाळू. आमच्या बाईनंही तेच सांगितलं, पण अशा आवाजात सांगितलं की पडद्यावरचा गृहस्थ खुर्चीत मागं सरकला. नकार आला. पाठवणाऱ्या संस्थेचा नियम असा की दोनदाच बसवतात. आता ही दुसरी आणि शेवटची. ही हुकली की जपान संपलं, आणि बसायचं इस्लापूरला.

"मावशे, खरं सांग, मी मायाळू हाय का?" नकार आला त्या दिवशी तिनं मला विचारलं.

"नाहीस."

"मंग खोटं कामून बोलायला लावलीस? आता खरा शब्द दे."

खरा शब्द मला मराठीत ठाऊक होता. ती खमकी होती. खमकी म्हणजे भांडखोर नव्हे, कजाग नव्हे, फटकळ तर नव्हेच. आपल्याकडे बाईच्या तिखटपणाला नावं ठेवायला शब्दांचा सुकाळ आहे, कौतुक करायचं म्हटलं की हा एवढाच हाताशी येतो. तेवढा एक शब्द मला जपानीत न्यायचा होता. इतकी वर्षं दुभाषी म्हणून मिरवले आणि घोडं इथं अडलं.

सुरुवात मी 'किबिशी'पासून केली. हा शिस्तीचा कडकपणा. कडक मास्तर, कडाक्याची थंडी, लातूरचं ऊन, सगळं किबिशी.

"म्हंजी माझी आज्जी," ती म्हणाली. बरोबर होतं. पण आज्जीला कोण नोकरीवर घेणार?

मग 'हागेशी'. आवरता न येणारं, उसळून येणारं ते हागेशी, मग तो झोडपणारा पाऊस असो, पोटातली कळ असो की हमरीतुमरीचं भांडण. अर्थानं हा शब्द तिच्या अगदी मापाचा होता. पण मी तो फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकावरून जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. लातूरच्या पोरांना हा शब्द शिकवून बघा म्हणजे कळेल. दोन दिवस क्लासात दुसरं काही झालंच नाही.

'सुसामाजी' म्हणजे बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारं. तिला पटावं म्हणून मी म्हटलं, पुरातला सहस्रकुंड. घरापासून हाकेवरचा धबधबा, लगेच कळेल. तर म्हणते, "औंदा तिथं नुसता दगड हाय. लोक खाली उतरून फोटो काढून राहिले." 'कित्सुई' हा शब्द जपानी माणूस बाईच्या तिखट स्वभावाला वापरतो आणि पायाला आवळणाऱ्या बुटालाही, म्हणून तो मी तिला सांगितलाच नाही. आणि 'सुगोई' हल्ली तिकडे कशालाही म्हणतात, आपल्या 'लई भारी'सारखं. नोकरी मागायला लई भारी कसं चालेल?

माझा जीव 'नेश्शिन'वर होता. मन लावून काम करणारी. साधा, सोवळा, कुणालाही न टोचणारा शब्द.

"म्हंजी अभ्यासू पोरगी," ती म्हणाली. "मी अभ्यासू हाय का?"

"नाहीस."

"मंग?"

शेवटी तडजोड झाली ती 'कि गा त्सुयोई' वर. शब्दाला शब्द लावायचा तर जिचा जीव दांडगा, ती. जपानी माणूस हे कौतुकानंही म्हणतो आणि ही सून म्हणून नको, असं सुचवायलाही म्हणतो. ऐकणारं कोण आहे यावर सगळं. मला धाकधूक होती. तिला मात्र शब्द असा आवडला की पाणी वाचवायला आम्ही पत्रावळीवर जेवायचो, त्या गोळा करतानाही ती तोच पुटपुटत असायची.

दुसरी कटकट जिल्ह्याची. कुठून आलात, या प्रश्नाला 'नांदेड जिल्हा' एवढं उत्तर पुरे. पण नाही, इस्लापूर पडलं किनवट तालुक्यात. "सध्या नांदेड. आमचा किनवट जिल्हा होणार हाय."

"अगं, जपानातल्या माणसाला किनवटचं काय?"

"कामून न्हाई? उद्या झाला म्हंजी मी खोटी पडंन."

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. पेढे वाटले होते, आम्ही पोरींनी ओरडून ओरडून घसे बसवून घेतले होते. जिल्हा झाला, कलेक्टर आला, मोठमोठ्या कचेऱ्या आल्या, आणि आता त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं. हे सगळं मी तिला ऐकवलं. "तुमचा झाला न्हवं? मंग आमचाबी होऊ दे," ती म्हणाली. कप्पाळ माझं!

पाण्याचं असं होतं की नळ कधीचाच मुका झाला होता. गल्लीत टँकर यायचा, आणि कधी यायचा ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून सगळ्यांच्या घागरी रस्त्याच्या कडेला कायमच्या नंबरात उभ्या. तुमची घागर म्हणजे तुम्ही. पण एकदा हॉर्न वाजला की घागरीजवळ माणूस पाहिजेच, नाहीतर तिला पायानं बाजूला सारतात. घागरीला तोंड असून काय उपयोग, ती बोलत थोडीच. माझा गुडघा तेव्हा भलताच दुखायचा, जिना म्हणजे शिक्षाच. पोरगी यायच्या आधी मी खाली पोचेपर्यंत माझी घागर कुठल्या कुठे गेलेली असायची आणि मी आपली "अहो, जरा ऐकता का, कृपया," करत उभी. तिनं आल्या आल्या ते खातं स्वतःकडे घेतलं.

क्लासातली निम्मी मुलं याच गल्लीतली. त्यामुळे मी नियमच केला होता. हॉर्न वाजला की ज्याची घागर आहे त्यानं उठायचं. परवानगी मागायची नाही. फक्त कमरेतून वाकायचं, 'शित्सुरेई शिमासु' म्हणजे 'क्षमा असावी, निघतो' एवढं म्हणायचं आणि पळायचं. पाण्यापायी का होईना, तो नमस्कार आणि ते वाक्य पोरांच्या अंगात मुरलं. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

मुलाखत सकाळी होती. टँकर आदल्याच दिवशी येऊन गेलेला, तेव्हा आता चार-पाच दिवस तरी घोर नव्हता. मी बैठक झाडून घेतली, लॅपटॉप टेबलावर मांडला, पोरीला इस्त्रीचा ड्रेस घालून समोर बसवलं. अडलं तर सांगायला म्हणून मी शेजारी खुर्ची टाकून बसले.

पडद्यावर सत्तरीच्या एक बाई आल्या. पांढरे, आखूड केस, सुती जाकीट. त्या वृद्धाश्रमाच्या मुख्य होत्या. त्यांच्या बाजूला टाय लावलेला एक तरुण खाली मान घालून लिहीत होता. नाव, शिक्षण, घरी कोण कोण, सगळं नीट पार पडलं. कुठून आलात, विचारल्यावर पोरीनं नांदेड तर सांगितलंच, वर किनवट जिल्हा होणार आहे हेही सांगितलं. बाईंनी फार आस्थेनं विचारलं, "कधी?" पोरगी म्हणाली, "मागणी चालू आहे." तरुणानं तेही लिहून घेतलं. मी डोळे मिटून घेतले.

मग बाई म्हणाल्या, "आता एका शब्दात सांगा, तुम्ही कशा आहात?"

पोरीनं श्वास घेतला. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर शब्द जुळवत होते. आणि खाली हॉर्न वाजला.

पोरगी उभी राहिली. मला वाटलं, अदबीनं उभी राहतेय, छान. तिनं कमरेतून असा काही सुरेख नमस्कार केला की मीच बघत राहिले. "शित्सुरेई शिमासु," म्हणाली, आणि गेली. जिन्यावर धडधड पावलं. अगं बाई! पायात चप्पलसुद्धा नाही.

पडद्यावर दोघं तसेच बसलेले, आणि इकडे रिकामी खुर्ची आणि मी.

"काही झालं का?" बाईंनी विचारलं.

"पाणी आलं," मी म्हटलं.

"अरेरे! पूर?" त्या घाबरल्याच.

नाही हो बाई, पूर कुठला आमच्या नशिबी! मी टँकर, घागरी, नंबर सगळं समजावू लागले. त्या मान डोलवत होत्या, पण कळत किती होतं कोण जाणे. एवढ्यात खिडकीतून आमच्या पोरीचा आवाज आला, सगळ्या गल्लीच्या वर.

"ए भाऊ! तुझ्या बापाचा टँकर हाय का रे?"

"ती काय म्हणते आहे?" बाईंनी विचारलं.

दुभाष्याचा धर्म असा की ऐकलं ते सांगायचं. मी सांगितलं, "हा टँकर आपल्या वडिलांच्या मालकीचा आहे काय, अशी ती एका सद्गृहस्थांकडे चौकशी करते आहे." जपानीत याहून उद्धट व्हायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

खालून पुढचं आलं. "पाईप सोड, न्हाईतर याच पाईपानं धुऊन काढीन तुला!"

"ती त्यांना स्नान घालायची तयारी दाखवते आहे," मी म्हटलं. टायवाला तरुण लिहायचा थांबला.

बाईंनी जरा पुढे वाकून विचारलं, "आम्हाला दाखवता येईल का?"

आता झाकण्यासारखं उरलंच काय होतं? मी लॅपटॉप उचलला, लंगडत गॅलरीत गेले आणि कठड्यावर टेकवून त्याचं तोंड खाली वळवलं. खाली हे भांडण जुंपलेलं. आमच्याच गल्लीतल्या एका दांडग्या माणसानं आपला निळा ड्रम मधेच घुसवला होता आणि पोरगी पाईप दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोर उभी. केस सुटलेले, ड्रेस भिजून चिंब, तोंड अखंड चालू. पण पाणी मात्र नंबरानंच पडत होतं. एकीची घागर, दुसरीची बादली, मग कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याची कळशी. त्याचे हात थरथरतात, त्याला भरती कळशी धरवत नाही. ती तिनं स्वतः धरली. त्याच्याशी बोलताना तिचा आवाज इतका खाली आला की गॅलरीत ऐकूच आला नाही. कळशी भरून झाली, आणि पुन्हा निळा ड्रम आणि त्याचा उद्धार.

"तिची स्वतःची कुठली?" बाईंनी विचारलं.

मी बोट दाखवलं. अगदी शेवटची. काल आमची भरून झाली होती, त्यामुळे आज नंबर सगळ्यांच्या मागं. आणि तेवढ्यात पाईप खरखरला, दोन थेंब गळले, टँकर संपला. आमच्या घागरीत टिपूस पडला नाही.

ठरवलेला शब्द कुठच्या कुठे पळाला. "माफ करा," मी म्हटलं, "ती जरा हागेशी आहे."

बाई अजून खालीच बघत होत्या. "छे," त्या म्हणाल्या. "तानोमोशी."

हा शब्द मी कंपनीत कितीदा ऐकला असेन. जाणत्या कामगाराला म्हणायचे, घर सांभाळणाऱ्या थोरल्या भावाला म्हणायचे. ज्याच्या जिवावर आपण निर्धास्त राहावं, असं माणूस. गल्लीत केस सोडून भांडणाऱ्या पोरीला तो लागू पडतो, हे काही माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. मी आपली कडकपणाच्या आणि तिखटपणाच्या शब्दांत चाचपडत बसले होते.

पोरगी वर आली ती रिकामी घागर काखेत घेऊन. दारातच तिला लॅपटॉप दिसला आणि तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मुलाखत!" ती म्हणाली. तशीच ओलेती खुर्चीत येऊन बसली. ड्रेसमधून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"पाणी मिळालं?" बाईंनी तिला विचारलं.

"नाही. संपलं."

"राग आला?"

"आला," पोरगी म्हणाली. "पण आमचा नंबर शेवटचा होता."

बाईंनी तरुणाच्या कागदावर नजर टाकली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक आजोबा आहेत. ते जेवणाचं ताट फेकतात. चार मुली रडून निघून गेल्या."

पोरीला यावरचं जपानी जमेना. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशे, त्यांला इचार, ते ताट कामून फेकतात, हे कोणी इचारलं का त्यांला?"

मी ते होईल तितक्या अदबीनं पोचवलं. बाईंनी आभार मानले, त्या वाकल्या, आणि पडदा काळा झाला. निवड झाली का नाही, त्याबद्दल चकार शब्द नाही.

मग मात्र माझा तोल सुटला. मी तिला लई बोलले. एका घागरीपायी जपान घालवलंस, अक्कल गहाण ठेवलीस का, आता जा आणि बस इस्लापूरला दगड बघत! तिनं सगळं ऐकून घेतलं. ही पोरगी उलट बोलत नाही, हे बघूनच खरं तर मला भीती वाटायला हवी होती.

"हॉर्न वाजला अन् तू खुर्चीला धरून उठायलीस," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मला दिसलं, मावशे. मी न्हाई गेले तर तू जिना उतरली असतीस, तो गुडगा घेऊन."

खरं होतं. हॉर्न वाजल्याबरोबर माझा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला होता. मुलाखत चाललीय, तिला उठू द्यायचं नाही, आपणच जावं, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं खरं. ती रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग मी तिला तानोमोशीचा अर्थ सांगितला. तिनं तो दोनदा विचारून घेतला आणि तोंड फिरवून केस पुसत बसली.

तिची निवड झाल्याचं पुढच्या आठवड्यात संस्थेनं कळवलं. तिच्या वडिलांनी इस्लापुरात पेढे वाटले आणि मला फोनवर म्हणाले, "म्या म्हणलं नव्हतं, तिकडं आपलेच लोक हायत?" मी म्हटलं, हाव, आहेत.

जायच्या आधीच्या टँकरला तिनं मला हाताला धरून एकेक पायरी करत खाली नेलं. मला वाटलं, गल्लीचा निरोप घ्यायचा असेल. घेतलाच तिनं, तिच्या पद्धतीनं. मला घागरीजवळ उभं केलं, निळ्या ड्रमवाल्याकडे बघितलं आणि आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी मावशी हाय. मी जपानला चालले. हिच्या घागरीला कोणी पाय लावला, तर मी तिकडून येईन. तिकीट काढून येईन!" रांगेत कोणी हसलं नाही.

ती गेली. घर इतकं शांत झालं की मला क्लास उरकून बैठकीत बसवेना. पुढचा टँकर आला तेव्हा मी कठड्याला धरून जिना उतरायला लागले. निम्म्यात पोचले असेन, तर खालून निळ्या ड्रमवाला माझी भरलेली घागर खांद्यावर घेऊन वर येत होता.

"तुम्ही नका उतरू, मॅडम," तो म्हणाला. "ती खरंच येईल."